बुटक्याला अर्धी वाटी पाणी

४ जानेवारी, सकाळी

ठरलं. बुटक्यांच्या कुंड्या करायच्या.

बुटका म्हणजे परदेशी बागांत ठेवतात तो. टोपी नाकापर्यंत, दाढी पायापर्यंत, डोळे मुळी दिसतच नाहीत. पोटाच्या जागी कुंडी, कुंडीत झाड. सूनबाईने व्हिडिओ पाठवला होता. खाली लिहिलं होतं, बाबा, वेळ जाईल. वेळ घालवायला माझ्याकडे वेळ आहे कुठे? पण उद्योग म्हणून पाहिलं तर कल्पना वाईट नाही.

भांडवल शून्य. सगळं घरातलंच. झाडांसाठी माळ्यावर एक अख्खं खोकं पडलं आहे, प्लास्टिकची सक्युलंट्स, ती जाड पानांची असतात ती. ऑफिसच्या रिसेप्शनसाठी मीच मागवली होती. खरेदी विभागातली माझी शेवटची ऑर्डर. लहान, मध्यम, मोठी, तीन साइझ. नव्या साहेबांना आवडली नाहीत. निवृत्तीच्या दिवशी खोकं माझ्याच हातात ठेवलं. बाकीच्यांना घड्याळ देतात.

टार्गेट: महिनाअखेर पन्नास बुटके.

६ जानेवारी

साहित्य नक्की केलं. अंगाला वर्तमानपत्राचा लगदा आणि डिंक. टोपीला जोडीदार हरवलेले मोजे. नाकाला कोटाचं बटण. दाढीसाठी रीतसर तीन कोटेशन्स: कापूस, जुन्या उशीतला स्पंज, फरशी पुसायच्या मॉपचे दोरे. मॉप मंजूर. आयुष्यात तीन कोटेशन्स घेतल्याशिवाय मी काही घेतलेलं नाही. ही म्हणायची, लग्नाच्या वेळी मात्र एकाच कोटेशनवर सही केलीत. ही जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील.

कुंडीच्या तळाला भोक ठेवायचं का, हा तांत्रिक प्रश्न आला. प्लास्टिकच्या झाडाला पाणी लागत नाही. भोक नामंजूर. वॉटरप्रूफ रंगही नको. सरळ सरळ बचत.

१० जानेवारी, रविवार

पहिला बुटका वाळला. किंचित डावीकडे कलला आहे. टोपी मोठी झाली, त्यामुळे नाक अर्धंच दिसतं. पण रुबाब आहे.

मुलाचा फोन आला. त्याला उद्योगाची पूर्ण रूपरेषा सांगायला घेतली. मॉपपर्यंत आलो होतो. तो म्हणाला, मस्तच बाबा, ठेवतो हं, मीटिंग आहे. रविवारी मीटिंग. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला सुट्टी नसते. अभिमान वाटला.

मॉपचे दोरे काढल्यामुळे फरशी पुसता येत नाही. तसंही येतं-जातं कोण?

१३ जानेवारी

मार्केट सर्व्हे. बुटका पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे नेला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, काका, हा विकायला आणलाय की दुरुस्तीला? मग म्हणाला, प्लास्टिकचं झाड मी ठेवत नाही, गिऱ्हाईक शिव्या घालतं.

किरकोळ दुकानदारांना दूरदृष्टी नसते. धोरण बदललं. आधी नमुना फुकट द्यायचा, मग तोंडोतोंडी जाहिरात. टार्गेट पंचवीस.

१८ जानेवारी

नमुना कोणाला द्यायचा? विचारपूर्वक तळमजल्यावरच्या बाई निवडल्या. माझ्या बरोबर खाली राहतात. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, लेक दुसऱ्या गावी. स्लॅब इतका पातळ की त्यांचा फोन वाजला की मला वर ऐकू येतो. कधीकधी मी उठतोसुद्धा, आपलाच समजून.

त्यांनी बुटका मांडीवर घेतला आणि टोपीपासून पायापर्यंत बोटांनी चाचपला. झाडाचं एकेक पान दाबून पाहिलं. मग विचारलं, याला पाणी किती घालायचं?

खरं सांगायला तोंड उघडलंच होतं. पण तेवढ्यात त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली आणि पदराने पुसली. मी म्हणालो, एक दिवसाआड, अर्धी वाटी.

त्या म्हणाल्या, मला नीट दिसत नाही, कमी-जास्त होईल, तुम्हीच समोर येऊन उभे राहत जा. नाही कसं म्हणणार? विक्रीपश्चात सेवा हा धंद्याचा कणा असतो. निघतो म्हणून उठलो होतो, पण बाई बिचाऱ्या एकट्या. म्हणून थोडा बसलो.

२० जानेवारी

पहिली सेवा-भेट. पाणी घातलं. मग वर्तमानपत्र वाचून दाखवलं, कारण त्यांना वाचता येत नाही. मथळे, हवामान, शब्दकोडं. शब्दकोड्यात त्या मला दम देत होत्या. मला खरेदीसाहेब म्हणतात. कॉफी फार गोड करतात. सांगायला हवं.

२७ जानेवारी

कॉफीचं सांगितलं नाही. उगाच मन का दुखवा?

आज पाण्याचा दिवस नव्हता, तरी सकाळी त्यांचा फोन आला. ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, तळमजला बोलतोय, झाड सुकल्यासारखं लागतंय हाताला. प्लास्टिक कसलं सुकतंय? पण गिऱ्हाइकाच्या मनाचं समाधान महत्त्वाचं. लगेच खाली गेलो. पानं तपासली, गंभीरपणे मान हलवली. त्यांना ती दिसली नसणार. म्हणून तोंडानेही सांगितलं की घाबरायचं कारण नाही.

बाईंना सोबतीची फार गरज आहे. मी आपला वेळ देतो. त्यामुळे उत्पादन थोडं मागे पडलं. टार्गेट दहा.

३ फेब्रुवारी

बुटका फुगला. पाय मऊ झाले आहेत, बोट लावलं तर खळगा पडतो. लगदा पाणी पितो, हे डिझाइनच्या वेळी विचारात घेतलं नव्हतं. अर्थात चूक डिझाइनची नाही. माल ठरलेल्या वापराच्या बाहेर वापरला गेला.

झाडाला बुरशीचा संशय आहे असं सांगून उपचारासाठी वर आणला. दाराला लावून उरलेलं व्हार्निश आत-बाहेर फासलं. दाढी खरोखरच हिरवी झाली होती, ती बदलली. आता मॉप पूर्ण संपला.

दोन दिवस तो वर होता, त्यामुळे खाली जायचं कारण नव्हतं. दिवस लांबतात की काय, या ऋतूत.

९ फेब्रुवारी

बाईंनी विचारलं, इतकं पाणी घालतोय, वाढत कसं नाही हो हे? म्हणालो, या जातीला वेळ लागतो.

वर येऊन विचार केला. माळ्यावर मध्यम साइझ आहेच.

११ फेब्रुवारी

मोहीम फत्ते. बाई कॉफी करायला आत गेल्या तेव्हा लहान झाड उपटलं, खिशात घातलं, मध्यम खोचलं. त्यांनी येऊन हात फिरवला. एकेक पान पुन्हा दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, वाढलंय की, तुमच्या हाताला गुण आहे.

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. खोटं बोललो असं मला वाटत नाही. मोठं झाड आहेच, मीच लावलं आहे, त्याला वाढ म्हणायची नाही तर काय?

१७ फेब्रुवारी

ही गेली तो दिवस. काही ठरवलं नव्हतं. मुलाचा मेसेज आला, हात जोडलेले. दुसऱ्या बुटक्याच्या टोपीसाठी हिचा निळा स्वेटर कपाटातून काढला. बाही कापायची होती. कात्री घेतली. ठेवली.

संध्याकाळी बाईंचा फोन. मी म्हटलं, आज पाण्याचा दिवस नाही. म्हणाल्या, माहीत आहे, तरी या. गेलो. काय वाचलं आठवत नाही.

आज फार एकटं वाटलं. लिहिलं म्हणजे नोंद झाली. विषय बंद.

२ मार्च

संकट. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आधी उजवा, मग डावा. लेक येणार आहे. आठवड्याभरात त्यांना लख्ख दिसायला लागेल, असं त्या आनंदाने सांगत होत्या. मीही अभिनंदन केलं. आवाज जरा चिरकला.

पर्याय तीन. एक, खरं सांगून टाकणं. दोन, गुपचूप खरं झाड लावणं. तीन, घर बदलणं. पहिल्या पर्यायात गिऱ्हाईक हातचं जाण्याचा धोका. तिसरा विचाराधीन होता, पण खर्चिक. दुसरा मंजूर.

५ मार्च

उद्योगातला पहिला खर्च. फुलवाल्याकडून खरं सक्युलंट आणलं. म्हणाला, काका, पाणी अगदी कमी, पंधरवड्यातून एकदा पुरे, आणि कुंडीला भोक हवंच. ऐकून घेतलं. पण एक दिवसाआड अर्धी वाटी हे आपलंच जाहीर केलेलं धोरण आहे. अचानक बदललं तर संशय येईल. शिवाय पंधरवड्यातून एकदा म्हणजे फारच क्वचित. झाडासाठी म्हणतोय.

८ मार्च

बाईंची लेक आली. मनमोकळी मुलगी आहे. म्हणाली, काका, आई फोनवर तुमच्याबद्दलच सांगत असते. मी विचारलं, झाडाबद्दल? ती हसली. इस्पितळात जाताना घराची चावी माझ्याकडे ठेवून गेली.

चावी मिळाल्याने काम सोपं झालं. प्लास्टिक उपटलं, खरं लावलं. भोक पाडायला गेलो तर बुटक्याच्या पाठीला तडा जायला लागला. तसंच ठेवलं. एवढ्यानं काय होतंय?

रिकाम्या घरात त्या दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. थोडा वेळ बसलो.

१२ मार्च

पट्टी निघाली. काळा चष्मा आहे. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, अगंबाई, मला वाटायचं तुम्ही उंच आहात.

म्हणाल्या, आवाज उंच माणसाचा आहे. याला मी प्रशंसाच समजतो.

मग बुटक्याकडे पाहिलं. झाडाला बोट लावलं. पुन्हा लावलं. माझ्याकडे पाहिलं. छान आहे, एवढंच म्हणाल्या. पाणी घातलं. संकट टळलं. योजना शंभर टक्के यशस्वी.

२० मार्च

आज वर्तमानपत्र वाचायला गेलो तर बाईंनी ते आधीच वाचून घडी घालून ठेवलं होतं. कोडंही सोडवलं होतं. म्हणाल्या, बसा, आज मी तुम्हाला वाचून दाखवते. त्यांनी वाचलं. चांगलं वाचतात. मी ऐकलं. हात कुठे ठेवावे कळेना.

झाडाचं खालचं एक पान पिवळं आहे.

२६ मार्च

तीन पानं पिवळी. एक हाताला लागून गळलं. आत पाणी साठतंय, व्हार्निश मारल्यामुळे थेंबभर बाहेर येत नाही. काम पक्कं झालं होतं, एवढं मान्य करावं लागेल.

पाणी बंद करावं तर जायचं कशाला? दुसरं काय सांगून जाणार? आज अर्धीच्या जागी पाव वाटी घातली. बाई बघत होत्या. आता दिसतं त्यांना.

२ एप्रिल

झाड गेलं. मधून कुजलं. बोट लावलं तर सगळंच हातात आलं.

मी रोगाबद्दल काहीतरी बोलायला लागलो होतो. बाईंनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, खरेदीसाहेब, ते आधीचं प्लास्टिकचंच आणून लावा, ते बिचारं तक्रार तरी करत नव्हतं.

मी विचारलं, कोणतं प्लास्टिकचं? मग मीच विचारलं, कधी कळलं? म्हणाल्या, पहिल्याच दिवशी, माझे डोळे अधू होते, बोटं नव्हती. मी विचारलं, मग पाणी कशाला घालत होतात? म्हणाल्या, घालत कुठे होते, तुम्ही गेलात की बेसिनमध्ये उलटं करत होते, राहिलेलं हा पठ्ठ्या प्यायचा.

मग त्या म्हणाल्या की त्यांनी आयुष्य बोर्डावर काढलं. रात्रंदिवस लोकांचे आवाज. ज्याला फोन ठेवायचा नसतो तो माणूस आवाजावरून कळतो. म्हणाल्या, तुम्ही पहिल्या दिवशी निघतो निघतो म्हणत होतात आणि उठत नव्हतात. नुसतं या म्हटलं असतं तर तुम्ही आला नसतात, तुम्हाला काहीतरी काम लागतं.

वर आलो. इतके दिवस मी समजत होतो की मी त्यांच्यासाठी खाली जातो. मागची पानं काढून वाचली. बिचाऱ्या, एकट्या, सोबतीची गरज. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

५ एप्रिल

प्लास्टिकचं मोठं साइझ लावलं. बाई म्हणाल्या, बघता बघता केवढं झालं. दोघंही हसलो. पाणी घातलं नाही, तरी कॉफी झाली. आजवरची सर्वांत चांगली सेवा-भेट.

नवीन संकल्प: यापुढे कारण न शोधता जायचं. सरळ बेल वाजवायची आणि म्हणायचं, आलो.

१० एप्रिल

बाई लेकीकडे जाणार. कायमच्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तिकडेच. एका डोळ्याने दिसायला लागलं, आता प्रवास जमेल, नातवंडं वाट बघताहेत. लेक कधीपासून बोलावत होती म्हणे. डोळ्यांमुळे अडलं होतं.

चांगली बातमी आहे. त्यांना तसंच सांगितलं.

१३ एप्रिल

मुद्दे तयार केले. एक, इथला डोळ्यांचा डॉक्टर आता ओळखीचा आहे. दुसरा डोळा त्याच्याकडेच झालेला बरा. दोन, उतारवयात घर बदलू नये. तीन, मला नको आहे त्यांनी जायला. तिसरा मुद्दा खोडला. मग पुन्हा लिहिला. उद्या बोलणार.

१४ एप्रिल

बोलायला गेलो तर दोघी मायलेकी खोक्यांना टेप लावत होत्या. लावत कसल्या, टेप नासवत होत्या. राहवलं नाही. पॅकिंगमध्ये माझा हात कोणी धरणार नाही. दिवसभरात सगळं घर भरून दिलं. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहिलं, चारही बाजूंनी. लेक म्हणाली, काका, तुम्ही होतात म्हणून झालं.

मुद्दे राहिले. उद्या.

१५ एप्रिल

आज निळ्या स्वेटरची बाही कापली. बुटक्याची मोज्याची टोपी पार विटली होती. नव्या घरी असा कसा पाठवणार? शिवण सरळ आली. हिला आवडलं असतं, असं वाटतं.

१६ एप्रिल

गेल्या.

टोपी बाईंनी ओळखली नाही, कशी ओळखणार, पण हातात धरून बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, ही जपून ठेवलेली लोकर आहे. मी हो म्हणालो. गाडी गच्च भरली होती, माझ्याच पॅकिंगमुळे, तसूभर जागा उरली नव्हती. लेक म्हणाली, काका, हा बुटका मोडेल हो, पुढच्या वेळी नेऊ. पुढच्या वेळी म्हणाली. म्हणजे यायचा विचार आहे.

बाईंनी लेकीकडचा नंबर दिला. म्हणाल्या, वाट बघत बसू नका, तुम्हीच लावत जा. मी म्हटलं, निघतो. निघत त्या होत्या.

१८ एप्रिल

त्या अजून घर लावत असतील. फोन करून त्रास द्यायला नको. उद्या करेन.

१९ एप्रिल

आज त्या थकल्या असतील.

उद्योगाचा आढावा घेतला. एकूण उत्पादन: एक. परत आलेला माल: एक.

२१ एप्रिल, सकाळी

बुटका खिडकीत ठेवला आहे. निळी टोपी त्याला शोभते.

आज पाण्याचा दिवस. सवयीने वाटी भरली. मग वाटलं, आधी बाईंना विचारावं, घालू का म्हणून. नंबर लावला. बोटांना पाठ होता तोच लागला, जुना, खालच्या घरातला. तो फोन अजून कापलेला नाही. खाली घंटी वाजायला लागली. इथून स्पष्ट ऐकू येते. मागे लिहिलं तसा स्लॅब पातळ आहे.

बराच वेळ वाजू दिली. ठेवायला जीव होईना.

मग ठेवला. अर्धी वाटी घातली.